गळालेली पंचवीस अक्षरे

कमावता तरुण चालता-बोलता गेला, की आपल्याकडे नजर लागली म्हणतात किंवा वेळ आली होती म्हणून गप्प बसतात. त्याचा बाप आणि चुलताही असेच गेले होते, हे मयतीच्या घरी हळू आवाजात बोलले जाते. पुढे कोणी विचारत नाही.

वैद्यकशास्त्राने हा प्रश्न विचारला. १९५८ साली लंडनचे डॉ. डोनाल्ड टिअर यांनी अचानक दगावलेल्या तरुणांच्या हृदयांची तपासणी प्रसिद्ध केली. हृदयाच्या दोन कप्प्यांमधला पडदा भलताच जाड झालेला होता. १९६१ मध्ये कॅनडाचे डॉ. पारे यांनी क्वेबेक प्रांतातल्या एका खानदानात हाच आजार पिढ्यानपिढ्या उतरल्याची नोंद केली. पुढे त्याच खानदानाच्या मदतीने हार्वर्डच्या क्रिस्टीन आणि जॉनथन साइडमन यांच्या गटाने १९९० मध्ये दोषी जनुक शोधले. १९९५ मध्ये हृदयाच्या स्नायूचे आणखी एक जनुक सापडले: एमवायबीपीसी३.

आपला संबंध या दुसऱ्या जनुकाशी आहे. २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील डॉ. कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की भारतीय उपखंडातील सुमारे ४ टक्के लोकांच्या या जनुकातून २५ अक्षरे गळालेली आहेत. हा बदल सुमारे ३३ हजार वर्षांपूर्वीचा असावा, असा त्यांचा अंदाज. तेव्हा आजच्या जाती नव्हत्या, सरहद्दी नव्हत्या. म्हणूनच हा वारसा भारतात आहे तसाच पाकिस्तानात आणि श्रीलंकेतही आहे. आडनाव पाहून तो वाटला गेलेला नाही.

घाबरण्याचे मात्र कारण नाही. हा बदल असलेल्या अनेकांना आयुष्यभर काही होत नाही. त्याच जनुकातले इतर बदल सोबत असतील तर धोका वाढतो, असे पुढच्या संशोधनातून दिसले. पण आई-वडील दोघांकडूनही हाच दोष आला, तर बाळाचे हृदय लहानपणीच निकामी होऊ शकते. चुलत-मावस भावंडांत रिश्ते करणाऱ्यांनी आणि मामाची मुलगी करणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. जवळच्या नात्यात दोघांकडे एकच दोष असण्याची शक्यता जास्त असते.

रिश्ता मोडेल या भीतीने घरातला हृदयरोग लपवला जातो. त्याची किंमत पुढची पिढी मोजते. घरात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर त्याच्या भावंडांचा आणि मुलांचा ईसीजी आणि टू-डी इको करून घ्यावा. आजार वेळेत कळला तर औषधे आहेत, गरज पडल्यास धोक्याचे ठोके सावरणारे यंत्रही बसवता येते.

मौत अल्लाहच्या हाती आहे, हे खरेच. पण डॉक्टरला खानदानाची खरी हकीकत सांगणे आपल्या हाती आहे.