कर्नेल : स्वतः बांधलेला की कंपनीचा?

रायगडच्या किनाऱ्यावर, उरण तालुक्यातील न्हावा शेवा येथे असलेल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज जून २०१७ च्या अखेरीस विस्कळीत झाले. कोणता कंटेनर कोणाचा, हे सांगणारी संगणक यंत्रणाच 'नॉटपेट्या' या विषाणूने निकामी केली होती. हे टर्मिनल चालविणाऱ्या मर्स्क समूहाला जगभरात वीस ते तीस कोटी डॉलरचा फटका बसला. विषाणू ज्या वाटांनी पसरला, त्यांपैकी एक विंडोजच्या कर्नेलमध्ये चालणाऱ्या फाइल शेअरिंगच्या ड्रायव्हरमधील त्रुटीची होती. मायक्रोसॉफ्टने तिच्यावरील दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजीच दिली होती. चोरलेल्या पासवर्डची दुसरी वाट मोकळी असल्याने दुरुस्ती बसविलेले संगणकही सुटले नाहीत, हा भाग वेगळा.

कर्नेल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रोसेसरचा वेळ, मेमरी, डिस्क यांची वाटणी तोच करतो. म्हणून तेथील त्रुटी साऱ्या संगणकाला भोवते. विंडोजचा कर्नेल ग्राहकाला बदलता येत नाही. लिनक्सचा सोर्स कोड मात्र खुला असल्याने नको ते ड्रायव्हर वगळून स्वतःचा कर्नेल बांधता येतो. १९९० च्या दशकात, मेमरी मोजक्या मेगाबाइटची असताना, हौशी मंडळींत हा उद्योग सर्रास चाले. पुढे ड्रायव्हर सुट्या मॉड्यूलच्या रूपाने गरजेपुरते भरले जाऊ लागले आणि त्यातील बराचसा फायदा संपला.

उरतो तो दुरुस्त्यांचा प्रश्न, आणि तोच निर्णायक आहे. रेड हॅटसारखी कंपनी कर्नेलची जुनी आवृत्ती कायम ठेवून नव्या आवृत्तीतील सुरक्षाविषयक दुरुस्त्या तीत आणून बसविते. ग्राहकाने पॅकेज बसवून संगणक पुन्हा सुरू केला की झाले. स्वतः बांधलेल्या कर्नेलला ही पॅकेजे उपयोगी पडत नाहीत. दर त्रुटीगणिक नवा सोर्स कोड आणणे, बांधणे, तपासणे आले. बांधणारा अभियंता नोकरी सोडून गेला, की हे काम तेथेच थांबते.

कंपनीचा आधारही कायमचा नसतो. रेड हॅटच्याच सोर्स कोडवर आधारलेल्या, विनामूल्य सेंटओएस ७ च्या दुरुस्त्या ३० जून २०२४ रोजी थांबल्या. राउटरसारखी छोटी उपकरणे किंवा ठरलेल्या क्षणी प्रतिसाद द्यावाच लागणारी यंत्रे यांच्यासाठी मात्र स्वतंत्र बांधणी अटळ ठरते. तेव्हाही कंपनीच्या कर्नेलची कॉन्फिगरेशन फाइल आधाराला घ्यावी आणि तो कर्नेल बूट मेनूतून काढू नये. नवा सुरू झाला नाही, तर संगणक जुन्यावर चालू करता येतो.