रक्त न निघालेली जखम
३१ मे २०१६. मध्यरात्रीनंतर पुलगावच्या सीएडीत स्फोट झाले. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातली ही घटना. १६ हून अधिक जीव गेले, जखमी वेगळे मोजले. पण राजेहो, स्फोटाच्या नुसत्या दाबानंही मेंदूला मार बसतो. सीटी स्कॅन बहुतेकदा नॉर्मल. डोकेदुखी, विसराळूपणा, चिडचिड मात्र मागे लागते. घरचे म्हणतात, स्वभावच बदलला!

ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये ‘शेल शॉक’बद्दल लिहिलं. मेंदूला मार की भित्रेपणा, हा वाद तेव्हापासूनचा. जानेवारी २०२० मध्ये इराकमधल्या अमेरिकी तळावर इराणी क्षेपणास्त्रं पडली. आधी ‘कुणालाच इजा नाही’, मग मेंदूला मार बसलेले शंभरावर निघाले.

माझी मागणी साधी आहे. यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयानं माजी सैनिकांना एवढंच विचारावं: स्फोटाजवळ कधी होता का, किती वेळा?