पटावरचें बोलणें

बुद्धिबळें मुक्यानेंच खेळावयाचीं असतात, असा आज समज आहे. परंतु आमच्या जुन्या ओसरीवरचा डाव मुका नव्हता. राजावर मारा होतांच 'शह' म्हणावयाचें, ही प्रतिस्पर्ध्यास दिलेली सूचनाच होती. हा शब्द फारसी 'शाह', म्हणजे राजा, यावरून आला. जणूं समोरच्या राजासच हाक मारून सावध करावयाचें. भोंवतालचे बघे मात्र कसलीच मर्यादा पाळीत नसत. दोघांच्या डावांत दहांची जीभ चाले.

पुढें खेळ ओसरीवरून सभागृहांत गेला. १९२४ सालीं पॅरिस येथें जागतिक बुद्धिबळ संघटना स्थापन झाली. तिच्या आजच्या नियमांप्रमाणें प्रतिस्पर्ध्याचें लक्ष विचलित करणें वा त्यास कोणत्याहि रीतीनें त्रास देणें निषिद्ध आहे. बरोबरी सुचवावयाची ती आपली खेळी केल्यावर व घड्याळ दाबण्यापूर्वीं; उगीच वारंवार सुचविणें हाहि उपद्रवच ठरतो. मोहरा नुसता नीट ठेवावयाचा असेल, तर हात लावण्यापूर्वीं तसें सांगावें लागतें. 'शह' म्हणण्याची सक्ती उरलेली नाहीं. मनसोक्त बोलावें तें डाव संपल्यावर, दोघांनीं मिळून तो पुन्हां मांडून पाहतांना.

शब्द असे आटले, तेव्हां आदर दाखविण्याचा भार हस्तांदोलनावर पडला. जानेवारी २००८ मध्यें नेदरलंड्समधील विक आन झी येथें बल्गेरियाच्या इव्हान चेपारिनोव्ह यांनीं इंग्लंडच्या नायजेल शॉर्ट यांचा हात दोनदां नाकारला. पंचांनीं डाव शॉर्ट यांस दिला. अपिलांत तो फिरून खेळविण्याचें ठरलें, आणि तोहि शॉर्ट यांनींच जिंकला.

त्याच गांवीं जानेवारी २०२४ मध्यें नागपूरच्या अठरा वर्षांच्या कुमारी दिव्या देशमुख खेळल्या. त्यांनीं पुढें जाहीर तक्रार केली ती बघ्यांविषयीं. खेळ बाजूस राहून चर्चा चालली होती ती त्यांचा पोशाख, केस व उच्चार यांची! २८ जुलै २०२५ रोजीं जॉर्जियांतील बाटुमी येथें आपल्याहून दुप्पट वयाच्या कोनेरू हंपी यांस जलद डावांत हरवून त्यांनीं महिला विश्वचषक जिंकला, व त्या ग्रँडमास्टर झाल्या.

खेळणाऱ्यांची जीभ नियमांनीं आवरली. बघ्यांची अजून ओसरीवरच आहे. तिला वळण लावणें पंचांच्या हातीं नसून आम्हां घरच्या मंडळींच्या हातीं आहे, असें आम्हांस वाटतें. मुलगी स्पर्धेहून घरीं आली, म्हणजे प्रथम तिच्याकडून डाव मांडून घ्यावा, आणि जें बोलावयाचें तें पटावरच्या खेळ्यांविषयीं बोलावें.