हॅपी, सॅड, अँग्री: भिंतीवरच्या तक्त्याचा इतिहास

तुमच्या घरात पहिली-दुसरीतलं मूल असेल, तर त्याच्या इंग्रजीच्या पुस्तकात किंवा वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता तुम्ही पाहिला असेल. गोल पिवळे चेहरे आणि प्रत्येकाखाली एक शब्द: हॅपी, सॅड, अँग्री, स्केअर्ड, सरप्राइज्ड. मूल ते स्पेलिंगसकट पाठ करतं, परीक्षेत चेहऱ्यांच्या आणि शब्दांच्या जोड्या लावतं आणि विसरून जातं. फळं, भाज्या, रंग यांच्या याद्यांसारखीच ही आणखी एक यादी, असं आपल्याला वाटतं.

आरोग्याच्या लेखात हा तक्ता कशाला, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. उत्तर पोटदुखीत आहे. जून महिन्यात किंवा परीक्षेच्या आठवड्यात कुठल्याही फॅमिली डॉक्टरकडे जा. सकाळी पोट दुखणारं आणि शाळेची वेळ टळली की बरं होणारं एक तरी मूल तिथे बसलेलं असतं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन ॲपली यांनी 1958 साली 1000 शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात साधारण दर दहांतल्या एका मुलाला वारंवार पोटदुखी होत होती आणि त्यातल्या बहुतेकांच्या पोटात कुठलाही आजार सापडला नाही. म्हणजे मुलं सोंग करत होती असं नाही. दुखणं खरंच असतं. आतडी आणि मेंदू यांच्यात मज्जातंतूंची सतत ये-जा चालू असते, त्यामुळे भीतीने पोटात खरोखर कळ येते. फक्त ‘मला भीती वाटते’ हे वाक्य मुलाकडे तयार नसतं, आणि ‘पोट दुखतंय’ हे तयार असतं. हे दुसरं वाक्य म्हटलं की मोठी माणसं लगेच धावतात, हेही मुलाने पाहिलेलं असतं.

आता तक्त्याकडे वळू.

‘इमोशन’ हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला आणि सुरुवातीला त्याचा अर्थ खळबळ, हालचाल, लोकांमधली गडबड असा होता. राग, लोभ, दुःख, आनंद या सगळ्यांना एकत्र बांधणारा शास्त्रीय शब्द म्हणून तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळला. एडिंबरोचे प्राध्यापक थॉमस ब्राउन यांची 1820 मध्ये छापली गेलेली व्याख्यानं त्याला मुख्यतः कारण झाली. त्याआधी इंग्रजीत वासना, विकार, मनाचे ओढे अशा वेगवेगळ्या कप्प्यांत या गोष्टी विभागलेल्या होत्या आणि त्यांचा संबंध धर्माशी, पापपुण्याशी जास्त होता.

मग चार्ल्स डार्विन आले. माणसाचे भाव जगभर सारखेच दिसतात का, हे त्यांना तपासायचं होतं. 1867 मध्ये त्यांनी एक छापील प्रश्नावली जगभर पाठवली. आश्चर्य वाटलं की डोळे आणि तोंड उघडतात का? लाज वाटली की चेहरा लाल होतो का? असे 16 प्रश्न होते आणि त्यांना 36 जणांची उत्तरं आली. त्यातलं एक उत्तर आपल्या अहमदनगरहून, आजच्या अहिल्यानगरहून आलं होतं. तिथे राहणाऱ्या एच. एर्स्काइन नावाच्या इंग्रज गृहस्थांनी स्थानिक लोकांचे चेहरे न्याहाळायचा प्रयत्न केला, पण खात्रीचा निष्कर्ष काढणं त्यांना अवघड गेलं. कारण काय, तर युरोपियन माणसासमोर इथले लोक सवयीने सगळ्या भावना लपवतात. 1872 च्या आपल्या पुस्तकात डार्विन यांनी ही अडचण प्रामाणिकपणे नोंदवून ठेवली आहे.

मला ही नोंद फार आवडते. साहेबासमोर कोरा चेहरा ठेवणारा तो नगरचा माणूस आणि ‘शाळेत काही झालं का रे?’ या प्रश्नावर ‘काही नाही’ म्हणणारा तुमचा मुलगा, दोघं एकाच वाटेवरचे आहेत. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्यासमोर भाव दाखवणं धोक्याचं असतं, हे लहान मुलालाही कळतं.

डार्विन यांचा धागा पुढे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी उचलला. 1960 च्या दशकाच्या शेवटी ते न्यू गिनीतल्या फोरे लोकांकडे गेले. आम्हा डॉक्टरांना हे लोक ‘कुरू’ या मेंदूच्या आजारामुळे ठाऊक असतात. त्या आजारावरच्या कामासाठी गायडुसेक यांना 1976 चं नोबेल मिळालं, आणि एकमन यांनी आधी त्यांनीच काढलेल्या फिल्म पाहिल्या होत्या. फोरे लोकांना वाचता येत नव्हतं, म्हणून एकमन यांनी शब्दांची यादी न देता छोटी गोष्ट सांगितली आणि तिला जुळणारा फोटो निवडायला लावला. बहुतेक उत्तरं जुळली, पण भीती आणि आश्चर्य यांच्या चेहऱ्यांत त्यांची गल्लत झाली. या कामातून आनंद, दुःख, राग, भीती, किळस आणि आश्चर्य अशी सहा भावनांची यादी पक्की झाली. भिंतीवरचे चेहरे बहुतेक याच यादीतले असतात. (नाट्यशास्त्रातले आठ स्थायीभाव आठवून पाहा. हास, शोक, क्रोध, भय, जुगुप्सा, विस्मय हे सहा तिथे आहेतच, वर रती आणि उत्साह. यादी करण्यात आपण मागे नव्हतो.) चेहऱ्यावरून भावना इतकी स्वच्छ वाचता येते हे आज सगळ्या शास्त्रज्ञांना मान्य नाही, पण शाळांना सहा चेहरे सोयीचे पडले.

आता या इतिहासातला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा भाग. मुलांना भावनांचे शब्द शिकवण्याचा शाळेतला एक जुना आणि नीट तपासला गेलेला कार्यक्रम मुळात कर्णबधिर मुलांसाठी तयार झाला. अमेरिकेत सिएटलला मार्क ग्रीनबर्ग आणि कॅरोल कुशे यांनी 1980 च्या दशकात त्याची सुरुवात केली. विचार साधा होता. ऐकू येणारं मूल भावनांचे शब्द मुद्दाम शिकत नाही, ते त्याच्या कानावर पडतात. आजी फोनवर म्हणते, ‘माझा अगदी जीव टांगणीला लागला होता’, आणि कोपऱ्यात खेळणारं नातवंड ते उचलतं. ऐकू येणाऱ्या आईबापांच्या घरातलं कर्णबधिर मूल या सगळ्याला मुकतं. खुणेने त्याला ‘जेव’, ‘बस’, ‘नको’ कळतं. पण आतमध्ये जे दाटून येतं त्याला नाव मिळत नाही. मग ते मारतं, फेकतं, आदळआपट करतं आणि ‘हट्टी’ ठरतं.

या कार्यक्रमात चेहऱ्यांची कार्डं होती. सुखद भावना पिवळ्या रंगात, त्रासदायक भावना निळ्या रंगात. एका वेळी एकच भावना शिकवायची. मूल आपल्या बाकावर स्वतःचं कार्ड लावायचं आणि दिवसभरात बदलायचं. आणि एक नियम होता: कुठलीही भावना चूक नाही, वागणं मात्र चूक असू शकतं. राग आला हे ठीक, दगड मारला हे ठीक नाही. पुढे हाच कार्यक्रम ऐकू येणाऱ्या मुलांच्या शाळांत नेला गेला. दुसरी-तिसरीच्या मुलांवरचा त्याचा अभ्यास 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुलांचा भावनांचा शब्दसंग्रह वाढला आणि त्यांना स्वतःच्या भावनांविषयी अधिक नीट बोलता येऊ लागलं. म्हणजे चेहऱ्यांचं कार्ड स्पेलिंगसाठी नव्हतंच. अडकलेल्या मुलाला बोलतं करायचं ते साधन होतं.

आपल्याकडे ते इंग्रजीच्या तासात येऊन पडलं. महाराष्ट्रात प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना 2000 सालापासून सगळ्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्या निर्णयावर तेव्हा बराच वाद झाला, त्यात मी शिरत नाही. पहिलीपासून इंग्रजी शिकण्याने मुलाचं काही बिघडत नाही. प्रश्न एवढाच की ‘सॅड’ हा शब्द मुलाच्या आत कुठे जाऊन बसतो?

याचा एक सुंदर प्रयोग 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांना दोन्ही भाषांतले शब्द ऐकवले आणि त्यांच्या बोटांच्या त्वचेवरचा सूक्ष्म घाम यंत्राने मोजला. लहानपणी रागावताना वापरतात ती वाक्यं तुर्कीत ऐकली की शरीर जास्त उसळून उठायचं. इंग्रजीतल्या तशाच वाक्यांवर तितकं नाही. त्यांना अर्थ दोन्हीकडे कळत होता. शरीर मात्र लहानपणीच्या भाषेला जास्त दाद देत होतं.

शिवाय आपल्या मराठीत शब्दांचा तोटा नाही. ‘सॅड’ या एकाच डब्यात आपण काय काय कोंबतो बघा: हिरमुसणं, रुसणं, खट्टू होणं, हिरमोड होणं, ओशाळणं, हुरहूर लागणं. रुसलेल्या मुलाला कुणीतरी येऊन समजूत काढावी असं वाटतं. ओशाळलेल्याला कुणी जवळ येऊ नये असं वाटतं. दोघांनाही ‘सॅड’ म्हटलं तर आईने काय करायचं? आणि भीतीबद्दल तर मराठीला शरीरशास्त्र येतं. पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, छातीत धडधडतं, घशाला कोरड पडते. मी विद्यार्थ्यांना ॲड्रेनलिनचं काम याच वाक्प्रचारांवरून समजावून देतो.

तेव्हा तक्ता फाडू नका, वापरा. ‘स्केअर्ड’ पाठ करून घेताना मध्येच विचारा, ‘पोटात गोळा आला होता असं शेवटचं कधी झालं?’ आधी तुमचा प्रसंग सांगा, मग त्याचा ऐका. उत्तर इंग्रजीतच हवं असा हट्ट घरात धरू नका. मूल ज्या भाषेत भांडतं त्याच भाषेत हे बोलणं होऊ द्या. आणि त्याने सांगितलं की ‘त्यात काय घाबरायचं!’ हे वाक्य गिळून टाका. नाहीतर पुढच्या वेळी परत पोटच दुखेल.

मात्र प्रत्येक पोटदुखीला भावना समजू नका. ॲपली यांचा एक जुना ठोकताळा आजही उपयोगी पडतो: दुखणं बेंबीपासून जितकं दूर, तितकी शारीरिक आजाराची शक्यता जास्त. दुखण्याने मूल झोपेतून उठत असेल, वजन घटत असेल किंवा उंची वाढायची थांबली असेल, ताप, वारंवार उलट्या, जुलाब किंवा शौचातून रक्त असेल, लघवीला जळजळ होत असेल, तर तपासणी लगेच करून घ्या. दुखणं उजवीकडे खाली सरकलं आणि मूल चालताना वाकू लागलं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा.