कोंबडीवरचा कर आणि जमिनीला टेकलेला ट्रक

१/
डिसेंबर १९६३. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी एका घोषणेवर स्वाक्षरी केली आणि बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी व हलके ट्रक या चार परदेशी वस्तूंवर २५ टक्के आयातशुल्क बसले. भांडण मात्र यांपैकी एकाही वस्तूचे नव्हते. ते होते कोंबडीचे. पुढे १९८०च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांनी छोटे पिकअप ट्रक जमिनीला टेकतील इतके खाली आणण्याचा छंद जोपासला. त्यांच्या हाती कोणता ट्रक आला, हे या भांडणानेही ठरवले; आणि तो खाली कसा आणायचा, हे एका वेगळ्या कायद्याने शिकवले. कायद्यांच्या फटीत रुजलेल्या या छंदाचा हा इतिहास.

२/
दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कुक्कुटपालन कारखान्याच्या शिस्तीने होऊ लागले आणि कोंबडी कमालीची स्वस्त झाली. गोठवलेली अमेरिकन कोंबडी पश्चिम जर्मनीच्या बाजारात शिरली, तसा तेथील शेतकरी अस्वस्थ झाला. १९६२ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाने तिच्यावरील शुल्क वाढवले आणि अमेरिकेची निर्यात कोसळली. त्याला उत्तर म्हणून आलेले हे २५ टक्के शुल्क इतिहासात 'चिकन टॅक्स' या नावाने ओळखले जाते. ट्रकच्या बाबतीत नेम होता फोक्सवॅगनच्या मालवाहू गाड्यांवर. परंतु शुल्क लागू झाले ते साऱ्या जगाला. पुढे उरलेल्या तिन्ही वस्तूंवरील हे शुल्क उठले. ट्रकवरचे आजतागायत कायम आहे.

३/
या तटबंदीला एक खिंडार होते. पूर्ण ट्रकवर २५ टक्के शुल्क असले, तरी हौदा न बसवलेल्या ट्रकवर, म्हणजे केवळ केबिन आणि चासीवर, ते अवघे ४ टक्के होते. डॅटसनने १९५९ पासूनच अमेरिकेत छोटे पिकअप विकायला सुरुवात केली होती. पुढे टोयोटाही आली. जपानी ट्रक बोटीतून हौद्याविना उतरू लागले आणि हौदा अमेरिकेच्या भूमीवर चढू लागला. टोयोटाचे अमेरिकेतील पहिले उत्पादन म्हणजे मोटार नव्हे, तर कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे तयार होणारे हेच हौदे. अमेरिकन कंपन्यांनीही तीच वाट धरली. १९७२ मध्ये बाजारात आलेला शेव्हरले लव्ह हा मुळात इसुझूचा ट्रक होता आणि फोर्ड कूरियर माझदाचा.

४/
१९७३ च्या तेलसंकटाने पेट्रोल महागले आणि या छोट्या ट्रकांचे भाग्य उजळले. चार सिलिंडरचे इंजिन, साधी रचना, अर्ध्या टनाच्या आसपास माल वाहण्याची क्षमता आणि आवाक्यातील किंमत. माळीकाम, रंगकाम, किरकोळ मालवाहतूक करणाऱ्यांची ही गाडी. काही वर्षे राबून जुनी झाली की ती घरातल्या मुलाकडे येई किंवा स्वस्तात विकली जाई. मोठ्या इंजिनाच्या झगझगीत मोटारी परवडत नसलेल्या तरुणाला स्वतःच्या मालकीचे चार चाकी वाहन मिळण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग होता.

५/
मात्र गाडी खाली आणण्याची कल्पना या तरुणांची नव्हती. तिची मुळे लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांत आहेत. १९४० आणि ५०च्या दशकांत तेथील तरुण जुन्या शेव्हरलेच्या डिकीत वाळूची पोती ठेवीत, स्प्रिंगांचे वेढे कापीत आणि व्हिटियर बुलेव्हार्डसारख्या रस्त्यावरून संथ गतीने फिरत. गोऱ्या तरुणांची हॉट रॉड संस्कृती वेगाची पूजा करीत होती. लोरायडर मुद्दाम सावकाश चालत असे. ज्या समाजाला शहराच्या मध्यावर फारसे कुणी पाहू इच्छित नव्हते, त्याने 'आम्हांला नीट पाहा' असे म्हणण्याची ही रीत होती.

६/
राज्याने ते पाहिले आणि कायदा केला. १९५०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेत कलम २४००८ आले. वाहनात बदल करून त्याचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नेणे बेकायदा ठरले. स्प्रिंग कापलेली गाडी कायमचीच खाली, म्हणजे मालक कायमचा गुन्हेगार. १९५९ मध्ये रॉन अगिरे या कारागिराने यावर तोड काढली. विमानांतून निघालेले हायड्रॉलिक पंप आणि झडपा त्याने आपल्या कॉर्व्हेटला जोडल्या. आता बटण दाबताच गाडी वर येई, पोलीस पुढे गेला की पुन्हा खाली जाई. गाडी खाली आणण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्याने गाडी खाली-वर करण्याच्या तंत्राला जन्म दिला.

७/
१९७०च्या दशकात अमेरिकन तरुणांत व्हॅन सजवण्याची लाट आली. बाहेर भित्तिचित्रांसारखी रंगचित्रे, आत जाड गालिचे. ती लाट ओसरू लागली तेव्हा रंगकाम, अंतर्गत सजावट आणि हौशींचे क्लब ही परंपरा तयारच होती. लोरायडरांकडून उंची कमी करण्याची विद्या, व्हॅनवाल्यांकडून सजावट आणि बाजारात स्वस्त जपानी पिकअप: या तिन्हींच्या संगमातून 'मिनी ट्रकिंग' उभे राहिले. क्लबाचे नाव मागच्या काचेवर झळकू लागले. शनिवारी रात्री समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्यांवर रांगा लागू लागल्या. या रांगांत मेक्सिकन, गोरे, आशियाई असे सर्व प्रकारचे तरुण होते.

८/
हे ट्रक खाली कसे येत? अनेक मिनी ट्रकांच्या पुढच्या बाजूस टॉर्शन बार असे: पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारा लांब पोलादी दांडा. त्याचा ताण कमी केला की पुढची बाजू खाली बसे. काही जण त्याऐवजी चाकाचा आधार वरच्या जागी असलेला ड्रॉप स्पिंडल बसवीत. मागच्या बाजूस असत पाटे. ॲक्सल पाट्यांच्या वर असेल, तर दोहोंच्या मध्ये लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवला की ट्रक तेवढा खाली येई. ॲक्सल पाट्यांच्या खाली असेल, तर ते काढून वर बसवले जाई. सुरुवातीचे बहुतेक काम घराच्या गॅरेजमध्ये, जॅक आणि पान्यांच्या भरवशावर होत असे.

९/
ट्रक आणखी खाली न्यायचा तर ॲक्सल चासीवर आपटू लागे. मग चासीच्या पोलादी पट्टीत ॲक्सलपुरती इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकाराची खाच कापून तिला बाहेरून जाड पत्र्याचे वेल्डिंग केले जाई. ही 'सी-नॉच' म्हणजे परतीचा दोर कापणेच होते, कारण या ट्रकच्या हौद्यात आता सिमेंटची पोती भरता येणार नव्हती. पाट्यांना लवायला जागाच उरली नव्हती. ओझे वाहण्यासाठी जन्मलेल्या वाहनाने ओझे वाहणे सोडून दिले होते. बाहेरच्यांना हा निव्वळ मूर्खपणा वाटे. पण आदल्या पिढीने ज्या ट्रकवर घाम गाळला, तोच ट्रक पुढच्या पिढीने केवळ डोळ्यांच्या सुखासाठी घडवला, यात एक अर्थ होता. कष्टाच्या साधनाला सौंदर्याची वस्तू करण्याचा अधिकार त्या मुलांनी स्वतःच घेतला होता.

१०/
मोकळा झालेला हौदा हा कलाकुसरीचा रंगमंच बनला. पिकअपचा हौदा चासीवर बोल्टांनी बसवलेला स्वतंत्र भाग असतो. तो काढून हायड्रॉलिक दट्ट्यांवर चढवला की उचलता येतो, कलता येतो, गोल फिरवताही येतो. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अशा 'नाचणाऱ्या हौद्यांच्या' स्पर्धा रंगू लागल्या. केबिनमागे भिंतीएवढे स्पीकर आले. दारांच्या मुठी काढून ती जागा सपाट केली गेली आणि मागच्या बंपरच्या जागी गुळगुळीत पत्रा आला. अंगावर गुलाबी, जांभळ्या, निळसर-हिरव्या रंगांचे फटकारे उमटले. त्या दशकाची सारी भडक रंगसंगती या ट्रकांवर जशीच्या तशी गोठली आहे.

११/
त्याच काळात नेमकी उलट हौसही जोरात होती. १९८५ च्या 'बॅक टू द फ्यूचर' या चित्रपटातील नायक मार्टी मॅकफ्लाय ज्या काळ्या टोयोटा पिकअपची स्वप्ने पाहतो, तो उंच, मोठ्या चाकांचा, डोंगरदऱ्यांत जाणारा ट्रक आहे. जवळपास तेच वाहन, पण दोन दिशा. उंच ट्रक म्हणे, मी कुठेही जाऊ शकतो. खाली बसलेला ट्रक म्हणे, मला कुठेही जायचे नाही. हा रस्ताच माझे ठिकाण आहे.

१२/
या काळात बाजारही बदलत होता. १९८० मध्ये सीमाशुल्क खात्याने हौद्याविना येणाऱ्या ट्रकांची पळवाट बंद केली. अमेरिकन कंपन्यांनी आपापले छोटे ट्रक आणले: शेव्हरले एस-१० आणि फोर्ड रेंजर. निसानने टेनेसी राज्यातील स्मर्ना येथे कारखाना उभारला आणि जून १९८३ मध्ये तेथून बाहेर पडलेले पहिले वाहन पिकअपच होते. हे सारे ट्रक लवकरच छंदिष्टांच्या हाती पडले. 'ट्रकिन' हे मासिक १९७५ पासून निघत होते. १९८०च्या दशकात खास या छंदाला वाहिलेले 'मिनी ट्रकिन' आले. त्यातील छायाचित्रांमुळे कॅलिफोर्नियाची हौस टेक्सास आणि फ्लोरिडापर्यंत, पुढे जपान व ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचली. जे ट्रक जपानमधून आले होते, त्यांची अमेरिकन शैली जपानला परत गेली.

१३/
रस्त्यावरचा संघर्ष मात्र थांबला नव्हता. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाने शहरांना 'क्रूझिंग'वर, म्हणजे एकाच रस्त्यावरून पुन्हापुन्हा संथपणे फिरण्यावर, बंदी घालण्याचा अधिकार दिला. सॅन दिएगोजवळच्या नॅशनल सिटीने १९९२ मध्ये अशी बंदी आणली. वाहतुकीची कोंडी आणि मारामाऱ्या ही कारणे दिली गेली आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती. पण शिक्षा भांडणाऱ्या मूठभरांपुरती राहिली नाही; एकत्र जमण्याची जागाच गेली. परिणामी हा छंद रस्त्यावरून मैदानांकडे सरकला. प्रवेशशुल्क, परीक्षक आणि चषक असलेली प्रदर्शने हेच त्याचे मुख्य घर झाले.

१४/
मैदानात स्पर्धा तीव्र झाली आणि तंत्रही पुढे गेले. बस व अवजड ट्रकांत वापरल्या जाणाऱ्या रबरी हवा-स्प्रिंगा १९९०च्या दशकात मिनी ट्रकांत सर्रास बसू लागल्या. कंप्रेसर टाकीत हवा भरतो. चालकाजवळचे बटण दाबले की ती स्प्रिंगांत शिरते आणि ट्रक वर येतो. हवा सोडली की चासी जमिनीवर टेकते. पण चासी टेकली, तरी केबिनच्या कडेखाली काही इंचांची फट उरे. तीही नाहीशी करण्यासाठी केबिनचा तळ कापून सारे अंग चासीवर तेवढेच खाली बसवण्याची 'बॉडी ड्रॉप' ही शस्त्रक्रिया रूढ झाली. काही जण चासीखाली टायटॅनियमचे तुकडे लावून रात्री रस्त्यावर ठिणग्यांची शेपटी उडवू लागले. १९५०च्या दशकात कायद्याने रिमच्या कडेशी आखलेली रेषा केव्हाच ओलांडली गेली होती.

१५/
या छंदाला अखेर धक्का दिला तो पोलिसांनी नव्हे, तर बाजाराने. पिकअप मोठे होत गेले, महाग होत गेले, कष्टकऱ्याच्या वाहनाऐवजी कुटुंबाचे वाहन झाले. २५ टक्के शुल्काच्या भिंतीमुळे बाहेरचा स्वस्त, छोटा ट्रक आत येणे अवघड होते. २०११ मध्ये अमेरिकेतील जुन्या फोर्ड रेंजरचे उत्पादन थांबले. २०१४ मध्ये 'मिनी ट्रकिन' मासिक बंद पडले. ज्या शुल्काच्या फटीतून या छंदाचा कच्चा माल आला होता, तेच शुल्क फट बुजल्यावर त्याचा पुरवठा रोखू लागले.

१६/
तरीही कथा संपलेली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात विधेयक ४३६ वर स्वाक्षरी झाली आणि १ जानेवारी २०२४ पासून कलम २४००८ तसेच क्रूझिंगबंदीचे शहरांचे अधिकार रद्द झाले. सहा दशकांहून अधिक काळ गुन्हा ठरलेली गोष्ट तेथे वारसा म्हणून मान्य झाली. दुसरीकडे, २५ वर्षांहून जुन्या वाहनांना अमेरिकेच्या सुरक्षा नियमांतून मिळणाऱ्या सवलतीचा लाभ घेऊन जपानचे ६६० सीसीचे चिमुकले 'के' ट्रक आयात होत आहेत. त्यांच्यावरही तेच २५ टक्के शुल्क लागते, काही राज्ये त्यांची नोंदणी नाकारतात आणि हौशी तरुण ते घेऊन पुन्हा खाली आणत आहेत.

१७/
इतिहासाच्या पुस्तकांत शुल्क, तह आणि कलमे यांची नोंद असते. ती सामान्य माणसाच्या हाती कोणत्या रूपात पोहोचली, याची नोंद बहुधा वस्तूंमध्ये असते. खाच कापलेली चासी, विमानाचा पंप, लाँग बीचचा हौदा हे अशाच नोंदीचे कागद आहेत. ते वाचले, तर दिसते की कायदा करणाऱ्यांनी केवळ व्यापार आणि वाहतूक यांचा विचार केला होता. त्यातून नवी कला जन्मेल, हे त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हते.