श्वासाची विद्या आणि छत्तीस प्रश्न

आजच्या गोष्टीसाठी आपल्याला शंभर वर्षं मागं आणि पार लांब, चीन देशात जायचं आहे. गोष्ट एका विद्येची आहे. ही विद्या गुरूनं शिष्याच्या कानात सांगायची, बाकी कुणाला कळू द्यायची नाही, अशी शेकडो वर्षांची रीत होती. मग काही आजारी माणसं पुस्तकं वाचून, स्वतःवर करून बघत ती शिकली. आणि एका बाईनं इतके प्रश्न विचारले की शिकवणाऱ्याला ती साध्या भाषेत लिहून द्यावी लागली.

विद्या आहे श्वासाची आणि ध्यानाची. तुमच्यातली एखादी म्हणेल, हे तर आपल्याकडंही आहे. आहेच. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं वर्णन येतं, पारायणाला बसणाऱ्या बायांच्या कानावरून ते गेलेलं असतं. चीनमधली वाट मात्र वेगळी आहे, तिचे शब्दही वेगळे आहेत. तेव्हा आधी शब्द समजून घेऊ.

ताओ म्हणजे मार्ग, वाट. या वाटेनं जाणारे ते ताओपंथी. ते शरीरातल्या शक्तीला 'ची' म्हणतात. ची म्हणजे श्वास, वाफ, जीव, सगळंच. जुन्या चिनी लिपीत हे अक्षर लिहिताना वर वाफेची खूण आणि खाली तांदळाची खूण काढतात. भात शिजताना झाकण उचललं की जी वाफ वर येते, तीच डोळ्यासमोर आणा. दुसरा शब्द 'दानतिएन'. नाभीच्या खाली तीन-चार बोटांवर ही जागा मानलेली आहे. यातला 'तिएन' म्हणजे शेत. हे अक्षरही बांध घातलेल्या चार वाफ्यांसारखंच दिसतं. आणि 'दान' म्हणजे हिंगूळ, किंवा हिंगुळापासून केलेलं अमर होण्याचं औषध. म्हणजे पोटातलं औषधाचं शेत. तिथं मन लावून बसायचं आणि शक्ती पिकवायची, अशी ही कल्पना.

औषधाचं नाव शरीरात कसं आलं, त्यामागंही इतिहास आहे. पूर्वी चीनमध्ये खरोखरच पारा, शिसं, हिंगूळ भट्टीत घालून अमर होण्याची औषधं करत. ती खाऊन माणसं अमर झाली नाहीत, मेली मात्र. तांग घराण्याच्या काही बादशहांचा जीव अशा औषधांनीच गेला, असं इतिहासकार मानतात. पुढं ताओपंथीयांत वेगळा विचार वाढला. भट्टी बाहेर कशाला, शरीर हीच भट्टी. श्वास म्हणजे फुंकणी, मन म्हणजे जाळ. शब्द जुनेच राहिले, पण आता ते शरीराच्या आतल्या गोष्टींबद्दल वापरायचे. पुस्तकात शिसं, पारा, वाघ, ड्रॅगन असं काहीबाही लिहिलेलं असे. ज्याला गुरूनं खूण सांगितली त्यालाच अर्थ कळे. बाकीच्यांना ते कोडंच.

आता बायांचं काय? ताओपंथात बायांना जागा नव्हती असं नाही. तिसऱ्या-चौथ्या शतकात वेई ह्वात्सुन नावाची बाई होऊन गेली. लग्न झालं, दोन मुलं झाली, ती मोठी झाल्यावर तिनं स्वतंत्र खोलीत राहून साधना केली. शांगछिंग नावाचा मोठा पंथ तिला आपली पहिली गुरू मानतो. बाराव्या शतकात शानतुंग प्रांतात सुन बुअर झाली. जन्म १११९, मृत्यू ११८२. सधन घरातली, नवरा मा यू, तीन मुलगे. नवरा आणि ती दोघंही वांग चोंगयांग या गुरूचे शिष्य झाले. पुढं ती घर सोडून ल्वोयांग शहराकडं गेली, तिथंच राहिली, तिथंच वारली. च्वानचेन पंथाच्या सात सिद्धांमध्ये ती एकटी बाई आहे. 'बुअर' या नावाचा अर्थ 'दोन नव्हे'. आपल्याकडं अद्वैत म्हणतात तसाच.

सुन बुअरची एक दंतकथा आहे. ती पुढच्या काळातल्या कादंबरीत येते, तिला इतिहास म्हणता येणार नाही. तिला शिकायला लांब जायचं होतं. गुरू म्हणाला, तू दिसायला सुंदर आहेस, वाटेत लोक तुला सोडणार नाहीत. तेव्हा तिनं कढत तेलानं स्वतःचा चेहरा भाजून घेतला आणि मग निघाली. कथा खरी नसेलही. पण ती रचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ती पटली, हे महत्त्वाचं. बाईला शिकायचं तर आधी चेहरा जाळावा लागतो, हे त्या समाजाला ओळखीचं वाटलं.

आता शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या काळात येऊ. चीनवर बादशहाचं राज्य होतं, ते १९१२ मध्ये गेलं. मुलींचे पाय लहानपणीच करकचून बांधायची चाल तोवर चालू होती. क्षयरोगानं, म्हणजे टीबीनं, घरंच्या घरं पोखरली होती. टीबीवर औषध नव्हतं. पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ मध्ये. ही तारीख लक्षात ठेवा, पुढं लागेल.

ज्यांग वेईच्याओ नावाचा तरुण असाच क्षयानं खोकत होता. जन्म १८७३. घरी औषधांचं एक जुनं पुस्तक होतं, त्यात श्वास शरीरभर फिरवण्याची रीत दिलेली होती. १९०० मध्ये त्यानं सगळं बाजूला ठेवलं आणि रोज ठरल्या वेळी बसायला सुरुवात केली. शिकवायला कुणी नव्हतं. त्याला बरं वाटू लागलं. १९१४ मध्ये त्यानं शांत बसण्याच्या रीतीवर छोटं पुस्तक लिहिलं. त्यात वाघ नाही, ड्रॅगन नाही. कसं बसायचं, श्वास कसा घ्यायचा, काय जाणवतं, एवढंच. तो शाळेची पाठ्यपुस्तकं लिहिणारा माणूस, म्हणून त्याची भाषा सोपी. पुस्तक हातोहात गेलं.

दुसरा चेन यिंगनिंग. जन्म १८८०, आन्ह्वेई प्रांतातला. यालाही ऐन तरुणपणी क्षय झाला. घरातल्या एका वडीलधाऱ्या वैद्याकडून तो औषधोपचार शिकला, पण स्वतःचं दुखणं हटेना. मग जुन्या पुस्तकांतल्या श्वासाच्या रीती करून पाहिल्या आणि हळूहळू प्रकृती सुधारली. पुढं गुरूच्या शोधात तो डोंगरा-डोंगरांतल्या मठांत फिरला, पण समाधान झालं नाही. तेव्हा त्यानं ठरवलं, माणसं सांगत नाहीत तर ग्रंथच वाचू. शांघायच्या श्वेतमेघ मठात ताओपंथाचा सगळा ग्रंथसंग्रह होता. तो मुळात १४४५ मध्ये छापलेला आणि नंतरच्या पुरवणीसह ५,४८५ भागांचा. १९१२ ते १९१४ अशी वर्षं त्यानं तो वाचण्यात घातली.

आणि आता येते ल्यू बिचेंग. जन्म १८८३. ती लहान असताना वडील वारले. घरात चार बहिणी, भाऊ नाही. मुलगा नाही म्हणून भाऊबंदांनी जमीनजुमला, घर सगळं ताब्यात घेतलं. ठरलेलं लग्नही मोडलं. पुढं ती मामाकडं असताना शहरात जाऊन शिकायचं म्हणाली, तर मामा रागावला. पोरगी हातात पैसे नसताना आगगाडीत बसली आणि त्येनचिन शहरात पोचली. १९०४ मध्ये तिथल्या मोठ्या वर्तमानपत्रात लिहू लागली, मुलींची शाळा उभी करण्यात पुढं झाली, पुढं तिची प्रमुखही झाली. तिची कविताही नावाजलेली होती.

१९१६ च्या सुमारास ही बाई चेन यिंगनिंगकडं शिकायला आली. तिला कोड्यात बोललेलं चालणार नव्हतं. तिनं प्रश्न विचारले, एक नाही, छत्तीस. त्यानं छत्तीसच्या छत्तीस प्रश्नांची उत्तरं लिहिली. ती उत्तरं तिच्या नावानिशी आजही वाचायला मिळतात. शिवाय सुन बुअरच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या चौदा कविता घेऊन त्यानं एकेका ओळीचा उलगडा केला, कुठला शब्द म्हणजे शरीरातली कुठली गोष्ट ते सांगितलं. तीसच्या दशकात हे लिखाण छापून निघालं. जी विद्या कळायला दंतकथेतल्या बाईला चेहरा जाळावा लागला, ती आता पुस्तकाच्या दुकानात मिळू लागली.

चेन तेवढ्यावर थांबला नाही. १९३३ ते १९३७ शांघायमधून एक पाक्षिक निघत होतं, त्यात तो लिहायचा. वाचक पत्रानं प्रश्न पाठवायचे, तो छापून उत्तरं द्यायचा. मठात जाऊ न शकणाऱ्या बायकाही त्यात होत्या. त्याचं म्हणणं असं की नुसता विश्वास ठेवू नका, स्वतः करून पडताळा. १९३७ मध्ये जपाननं शांघायवर हल्ला केला आणि ते पाक्षिक बंद पडलं. पुढं १९३९ ते १९४१ मासिक निघालं, तेही थांबलं.

आता एक अवघड गोष्ट, पण आपण बायाच आहोत, बोलू. बायांच्या साधनेच्या या पुस्तकांत पाळीबद्दल पुष्कळ लिहिलेलं आहे. पुरुषानं मन नाभीखाली लावून सुरुवात करावी, बाईनं आधी छातीच्या मध्यावर लावावं, असं ती सांगतात. आणि साधना मुरली की पाळी हळूहळू थांबते, ही मोठी पायरी मानतात. तिला नाव आहे 'लाल ड्रॅगनचा वध'. त्यामागचा विचार असा की रक्त ही बाईची मूळ शक्ती, ती दर महिन्याला वाया जाऊ नये. यात एक गोष्ट घेण्यासारखी आहे. या पुस्तकांत पाळीचं रक्त म्हणजे शक्तीचा ठेवा. आपल्याकडं अजून कितीतरी घरांत त्या चार दिवसांत बाईला बाजूला बसवतात. पण दुसरी गोष्ट सोडून देण्यासारखी आहे. पाळी म्हणजे शक्तीची गळती नव्हे, ते शरीराचं नेहमीचं काम आहे. वय नसताना पाळी थांबली तर ती सिद्धी समजू नका. दिवस गेलेले असतील, थायरॉइड असेल, अंगावर काढलेला अशक्तपणा असेल. आशाताईंना सांगा, दवाखान्यात दाखवा.

तसंच टीबीचं. ज्यांग आणि चेन श्वासाकडं वळले तेव्हा दुसरा उपाय नव्हता, म्हणून मघाशी ती १९४३ ची तारीख सांगितली. आज औषध आहे, सरकारी दवाखान्यात फुकट आहे. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो, तो मध्येच सोडायचा नाही. चेनची बायको वू यीचू स्वतः डॉक्टर होती आणि साधनेतही होती. तिला स्तनाचा कर्करोग झाला आणि १९४५ मध्ये ती गेली. ही विद्या जाणणाऱ्याच्या घरातच हे घडलं. शांत बसण्यानं मन सावरतं, झोप लागते, दुखणं सोसायला बळ येतं. ते औषधाच्या जोडीनं करायचं असतं.

नव्या चीनमध्ये १९५७ साली ताओपंथीयांची देशव्यापी संघटना झाली. १९६१ मध्ये चेन तिचा अध्यक्ष झाला. १९६९ मध्ये तो वारला. १९५७ मध्येच त्यानं मनानं थकलेल्या, झोप न लागणाऱ्या रुग्णांसाठी एक छोटी पुस्तिका लिहिली होती, तीही प्रश्नोत्तरांच्या रूपात. एवढा ग्रंथसंग्रह वाचलेल्या माणसानं त्यात काय सांगावं? श्वास ऐका. ही रीत त्यानं दोन हजार वर्षांहून जुन्या च्वांगत्सू या ग्रंथावरून घेतली. श्वास मोजायचा नाही, दाबून धरायचा नाही, कुठं ढकलायचा नाही. आरामात बसायचं किंवा पडायचं आणि आपलाच श्वास येतो-जातो तो कानानं नाही, मनानं ऐकायचा. झोप आली तर झोपून जायचं. मठ लागत नाही, फी लागत नाही.

आमच्या गटांच्या बैठकांत मी एक बघते. हप्ता, व्याज, शिल्लक यावर बाया नेमके प्रश्न विचारतात, वही उघडून दाखवा म्हणतात. पण कुणी बाबा, कुणी शिबिरवाला आला आणि श्वासाबद्दल, शक्तीबद्दल बोलू लागला की सगळ्या गप्प बसतात. तिथंही विचारा. हे कशासाठी करायचं? कुणी करू नये? पोटुशी बाईनं, ऑपरेशन झालेल्या बाईनं केलं तर चालेल का? चक्कर आली तर काय करायचं? पैसे किती आणि कशाचे? उत्तर द्यायला जो चिडेल, त्याच्याकडून काही घेऊ नका. ल्यू बिचेंगनं छत्तीस विचारले, तुम्ही पाच तरी विचारा.

आज रात्री भांडी आवरून झाली, दिवा मालवला, की पाच मिनिटं पडल्या पडल्या श्वास ऐकून बघा. काय वाटलं ते पुढच्या बैठकीत एकमेकींना सांगा.