श्रुति, ‘सुरिति’, पुराण, तंत्र : एका इंग्रजी ध्वनिमुद्रिकेच्या प्रतवारीचा विचार

इ. स. १९७३ च्या डिसेंबरांत ‘येस’ या इंग्रज वादकसंघाची ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ ही दोन तबकड्यांची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तिच्या वेष्टनावर श्रुति, पुराण इत्यादि शब्द रोमन लिपींत छापलेले पाहून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें ती अर्थनिर्णयासाठीं मजकडे आणून दिली. शब्दांचा निकाल लावतां लावतां दुसराच वाद पुढें आला. प्रोग्रेसिव्ह रॉक या संप्रदायाचा इतिहास सांगणारे पुष्कळ जण हीच कृति त्याच्या ऱ्हासाचें मूळ म्हणून दाखवितात. हा समज कालक्रमास धरून आहे काय, हें पाहण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

प्रथम वर्गीकरणाविषयीं. जाणकार या संप्रदायाचे सिंफॉनिक, कँटरबरी, झॉइल, रॉक इन ऑपोझिशन इत्यादि पोटभेद मानितात. पैकीं पहिला रचनेवरून पडला. दुसरा गांवावरून, कारण सॉफ्ट मशीन व कॅरॅव्हॅन हे दोन्ही संघ कँटरबरीच्या वाइल्ड फ्लॉवर्स या एकाच संघांतून निघाले. झॉइल हें नांव माग्मा या फ्रेंच संघाच्या ख्रिश्चन व्हांडर यानें रचिलेल्या कृत्रिम भाषेंतलें. चौथें १९७८ सालीं लंडनास एकत्र जमलेल्या पांच संघांच्या चळवळीचें. चार भेदांस चार निराळीं भेदकें! असें लक्षण केल्यावर दोष आल्यावांचून राहत नाहीं. गाँग हा संघ डेव्हिड ॲलन या ऑस्ट्रेलियन गृहस्थानें फ्रान्समध्यें काढिला, तरी तो कँटरबरींतच गणिला जातो. ही उघड अव्याप्ति होय. केंब्रिजचा हेन्री काउ तर दुसऱ्या व चौथ्या अशा दोन्ही वर्गांत सांपडतो. नैयायिकानें यास संकरच म्हटलें असतें.

आतां वेष्टनाकडे वळूं. संघाचा गायक जॉन अँडरसन यास परमहंस योगानंदांचें १९४६ सालचें आत्मचरित्र वाचण्याची सूचना किंग क्रिमसन संघांतील जेमी म्यूर यानें १९७३ च्या मार्चांत, एका विवाहाच्या मेजवानीच्या प्रसंगीं केली. त्या ग्रंथांतील एका तळटीपेंत शास्त्रांचे श्रुति, स्मृति, पुराण व तंत्र असे चार वर्ग दिले आहेत. तेवढ्या एका टीपेवरून चार दीर्घ रचना झाल्या, व प्रत्येकीस तबकडीची एकेक बाजू मिळाली. मात्र वेष्टनावर दुसऱ्या ठिकाणीं ‘सुरिति’ असा पाठ आहे. रोमन हस्ताक्षरांत ‘एम्’ व ‘यू’ यांची गल्लत सहज होते. तेव्हां हा लेखकप्रमादच, असें मला वाटतें. त्या रचनेचें इंग्रजी नांव ‘स्मरण’ या अर्थाचें आहे, तिसरीचें ‘पुरातन’ या अर्थाचें. यावरून ‘स्मृति’ हाच मूळ पाठ, याविषयीं शंका उरूं नये.

ही चतुष्टयी योगानंदांच्या पदरची नव्हे. कुलार्णवतंत्रांत याच चार प्रमाणांची चार युगांशीं सांगड घातली आहे. उलट मनूच्या टीकेंत कुल्लूकानें उद्धृत केलेल्या हारीतवचनाप्रमाणें श्रुतीचेच वैदिकी व तांत्रिकी असे दोन भेद आहेत. म्हणजे पहिला व चौथा वर्ग एकमेकांत शिरतात. संकर केवळ विलायतेंतच होतो असें नाहीं.

राहिली प्रतवारी. संघाचा पियानोवादक रिक वेकमन यास ही कृति रुचली नाहीं. एका तबकडीस जास्त व दोहोंस अपुरें असें द्रव्य ताणून भरलें, ही त्याची तक्रार. मँचेस्टर येथें वादन चालू असतांच आपण रंगमंचावर विंदालू खाल्ली, असें तो स्वतःच सांगतो. (गोव्याच्या या पदार्थाची कीर्ति अशा रीतीनेंहि पसरली!) १९७४ सालीं तो संघ सोडून गेला. त्याची तक्रार मला ग्राह्य वाटते. १९७२ च्या ‘क्लोज टु द एज’ मध्यें सुमारें एकोणीस मिनिटांची रचना एका बाजूवर सहज सामावली आहे. येथें दुसरी व तिसरी बाजू ऐकतांना माझें लक्ष वारंवार घड्याळाकडे गेलें. तेव्हां प्रत खालची, हें कबूल.

परंतु प्रत खालची असणें निराळें व संप्रदायाचा घात करणें निराळें. ही कृति इंग्लंडांत विक्रीच्या यादींत पहिली व अमेरिकेंत सहावी आली. तिच्या मागून १९७४ च्या नोव्हेंबरांत निघालेली ‘रिलेयर’ अमेरिकेंत पांचवी आली, म्हणजे एक पायरी वरच. जेनेसिसची दोन तबकड्यांची ‘द लँब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’ त्याच महिन्यांतली. किंग क्रिमसन संघ १९७४ सालीं मोडला. पण तो रॉबर्ट फ्रिप यानें आपण होऊन मोडिला, श्रोत्यांनीं नव्हे. आणि पंक संगीताची लाट आली त्या १९७७ सालीं ‘येस’ ची ‘गोइंग फॉर द वन’ इंग्लंडांत पुनः पहिल्या स्थानीं होती. तींत पियानोवर तोच वेकमन परत आलेला होता.